शेपटीचा दाखला

बाजारगावच्या ढाब्यावर दोन कूलर बसवून दिले.
मालकाजवळ सुटे नव्हते,
म्हणजे मुळात पैसेच नव्हते.
त्याने साडेतीनशेच्या बदल्यात
पोत्यातून हा काढून हातात ठेवला.
"घेऊन जा बावा, धुऱ्यावर सापडला. माय काही दिसली नाही."
माय दिसली नाही,
हे मी तेव्हा नीट ऐकलं नाही.

झिंगाबाई टाकळीत मृणालीने त्याचं नाव मुन्शी ठेवलं,
कारण कोणीही बोललं की तो
नोंद करून घेतल्यासारखा बघायचा.

वर्ष झालं, भुंकला नाही.
सिलेंडरवाला आला, नाही.
चोर येऊन समोरच्यांची मोटर काढून नेली, नाही.
फक्त रात्री गोधनीकडून मालगाडी शिटी देते
तेव्हा गच्चीवर जाऊन मान वर करतो
आणि असा लांब सूर ओढतो
की अख्खं ले-आउट कूस बदलतं.

अध्यक्ष निखाडे साहेब कागद घेऊन आले.
हा लांडगा नाही, असं लिहून आणा,
सही-शिक्क्यासकट.

तहसीलमध्ये जातीच्या दाखल्यासाठी
माझ्या अकरा चकरा झालेल्या.
आजोबांचा पन्नासच्या आधीचा कागद मागत होते,
आणि आजोबा तर अंगठा उठवून
भंडाऱ्याहून पायी आलेले.
मुन्शीचे आजोबा कोणत्या खिडकीवर विचारू?

सेमिनरी हिल्सच्या दवाखान्यात ठवरे मॅडमनी
त्याला टेबलावर उभा केला.
छाती अरुंद आहे, म्हणाल्या. पाय लांब.
शेपटी सरळ लोंबते, वळत नाही.
पण मागच्या पायाला हे जास्तीचं नख बघा,
हे लांडग्याला सहसा नसतं.
"आणि डोळे?"
"पिवळे डोळे गावठी कुत्र्यालाही असतात हो."
रक्त बाहेर पाठवावं लागेल, नऊ हजार.
मी मुन्शीकडे पाहिलं. मुन्शीने नोंद केली.

संध्याकाळी गच्चीवर पाणी मारलं.
तो कोरड्या फरशीवरून चालत गेला
तर ठशांची एकच ओळ,
मागचा पाय बरोबर पुढच्याच्या ठशात,
जसं कोणी आधीच आखून ठेवलेलं.
बायको म्हणाली, मीही नवी होते तेव्हा
तुमच्या घरात अशीच चालायची.

शेवटी कळमेश्वर रोडला गेलो.
जनकाबाईचा कळप पडीत शेतात बसलेला.
"मले काय विचारता, मेंढरं सांगतीन."
दोरी सैल सोडली.

दोनशे माना एकदम वर.
एक बें नाही. रवंथ थांबला.
चाळीस वर्षांची जनकाबाईची काठी
आपोआप सरळ झाली.
इतकी शांतता मी फक्त एकदाच ऐकली होती,
बापाचं नाडीवरचं बोट डॉक्टरने उचललं तेव्हा.

आणि मुन्शी?
मुन्शी माझ्या पिंढरीमागे,
डोकं गुडघ्यांमध्ये खुपसून,
अंगभर थरथरत.

जनकाबाईने तंबाखू मळली, झटकली.
"मेंढरं हो म्हंतात. हा नाही म्हंतो."
मग माझ्याकडे बघून,
"अर्धं-अर्धं असन बावा.
काऊन, तुमच्यात नसते का?"

घरी येऊन कूलर दुरुस्तीचं बिलबुक काढलं.
लिहिलं: सदर प्राणी माझ्या पायामागे लपतो. सबब कुत्रा.
शिक्का मारला.
खाली आधीच छापलेलं होतं,
एकदा दिलेला माल परत घेतला जाणार नाही.
निखाडे साहेबांनी दोनदा वाचलं
आणि फाइलला लावलं.

त्या रात्री सव्वा दोनला मालगाडी आली.
मुन्शी वर गेला. सूर निघाला,
पाण्याच्या टाक्यांवरून, डिश अँटेनांवरून
गोरेवाड्याच्या झाडांकडे.
मी कान देऊन पडलो होतो,
तिकडून कोणी उत्तर देतं का.

उत्तर आलं दोन घरं सोडून.
निखाड्यांची पामेरियन,
पांढरी, कंगवा केलेली, गळ्यात लाल फीत,
वंशावळीचा कागद असलेली,
बाल्कनीच्या जाळीला नाक लावून
तोच सूर धरत होती,
जरासा वरच्या पट्टीत.