कोपराची बाहेरची बाजू

सुमगाइतच्या त्या कारखान्यात
चव्वेचाळीस नंबरच्या पाइपवर
झर्निगार खडूने चौकटी आखते,
पोरींनी ठिकरीचा डाव मांडावा तशा.
कॅस्पियनवरून खझरी वारा सुटलाय.
खडू टिकत नाही. ती पुन्हा आखते.
मग जेलचा थेंब, त्यावर प्रोब,
आणि एक आवाज, आपल्याला ऐकू न येणारा,
लोखंडात शिरतो, पलीकडची कड शिवून परततो.
सात पॉइंट एक. सात. सहा पॉइंट आठ.
मी आकडे उतरवून घेतो.

आगामिर्झा शिडीखाली उभा, खिशात हातोडी.
छत्तीस वर्षं पाइप ठोकून, कान लावून
तो सांगत आला: हा जगेल, हा नाही.
"वाजव की," मी म्हणतो.
खणखणीत वाजतो.
"बघ, तब्येत ठणठणीत," तो हसतो,
आणि बराच वेळ खोकत राहतो.

चौकटी संपल्या. सगळ्या पास.
खाली चहा ओतलाय, पांढऱ्या चेरीचा मुरांबा उघडलाय.
झर्निगार मात्र कोपरापाशी थांबते,
वळणाच्या बाहेरच्या अंगाला,
जिथे रंग सर्वांत नवा आहे.
आतलं पाणी वळताना इथेच धडकतं, म्हणते,
त्याला कुठे वळायचं असतं.
तिथे आमची चौकट नव्हती.

चार पॉइंट तीन.
दोन बोटं खाली, तीन पॉइंट चार.
आणखी नखभर:
एक पॉइंट नऊ.

ती जेल पुसते. प्रोब ठोकळ्यावर तपासते.
पुन्हा लावते.
"दे इकडे," म्हणत आगामिर्झा शिडी चढतो,
जाड बोटांत तो एवढासा प्रोब धरतो.
यंत्र त्यालाही तेच सांगतं.

मॅनेजर फोनवर: तीन पॉइंट दोन लागतात, मान्य,
पण वसंतात बंद ठेवणारच आहोत ना,
तोवर काढेल कळ. इतकी वर्षं काढली.
त्याचं बोलणं चालू असतानाच
झर्निगार फोन माझ्या हातात देते
आणि तक्त्यात आकडा लिहिते.
शेजारी अक्षरांतही लिहिते.
एकाचा सात करायला
एक रेघ पुरते.

आगामिर्झा अजून वरच.
हातोडी वाकून माझ्याकडे देतो,
मग तळहात कोपरावर ठेवून थांबतो.
कोमट आहे, म्हणतो.
आत काहीतरी वेगाने वळत असतं.