चार इंचांची भिंत

पडले त्या दिवशी विशेष काही नव्हतं.
बुधवार. पाणी जायला दहा मिनिटं बाकी.
मोरीच्या दारात अर्धी ओली फरशी,
जुन्या परकराचं पायपुसणं, एका कडेला दुमडलेलं,
आणि माझा डावा पाय, जो कॅलिपरशिवाय
स्वतःला पाय समजत नाही.

मराठीत काय काय पडतं.
प्रश्न पडतो, विसर पडतो,
कांद्याचा भाव पडतो, चांदणं पडतं,
कुणाचंच मनगट मोडत नाही.
माझं मोडलं.
सहा आठवडे प्लास्टर. एकोणीस साड्या
फॉल-पिकोविना बायका परत घेऊन गेल्या.

सायन हॉस्पिटलातली फिजिओथेरपीची पोरगी,
असेल तेवीसची, पेन कानावर,
म्हणाली, मावशी, व्यायाम नंतर,
आधी मोरीचं चित्र काढून दाखवा.
मी लाइटबिलाच्या पाठीवर काढलं:
नळ, बादली, पिंप, आरसा.
तिने विचारलं, तोल गेला की धरता कशाला?
म्हटलं, नळाला.
तिने नळावर फुली मारली.

पायपुसणं गेलं. पिंप कोपऱ्यात सरकलं.
दिव्याचं बटण पलंगावरून हात पोचेल असं आलं.
भाऊ म्हणाला, एवढी तोडफोड कशाला,
तू जरा जपून चाल ना.
जपून.
छप्पन्न वर्षं मी दुसरं काय करते आहे?
या घरातली कुठली फरशी पाऊण सूत वर आहे
ते मला विचार.

दांडा बसवायला फुलचंद आला.
स्टीलचा, दीड फुटी, खरखरीत पकडीचा.
भिंतीवर बोटाने टकटक केलं त्याने,
कान लावला, डॉक्टरासारखी मान हलवली.
ताई, कन्नमवार नगरातली भिंत ही, चार इंची,
आत विटेचा भुगा.
नुसता स्क्रू स्वतःला धरेल, तुम्हाला नाही.
आरपार बोल्ट घालू. पलीकडे पट्टी लावून नट.

पलीकडे कुसाळकरांचं स्वयंपाकघर.
आंब्याच्या रंगाच्या टाइल्स,
दिवाळीतच बसवलेल्या, हप्ते चालू.

त्यांची कडी वाजवायला मला दोन दिवस लागले.
विरजण मागता येतं, गॅसचा लायटर मागता येतो,
तुमच्या टाइलला चार भोकं पाडू का,
हे कुठल्या वाटीत मागायचं?

वहिनींनी ऐकून घेतलं. पोळी फुगू दिली,
उतरवली, मग म्हणाल्या,
खालची ओळ नको, मधली घे.
तिथे मला झारे टांगायला काहीच नाहीये.

शनिवारी भोक पडलं. (हेही पडतंच.)
क्षणभर त्यातून त्यांच्याकडचा उजेड माझ्या मोरीत आला,
मग कढीपत्त्याचा वास,
मग त्यांच्या नातवाचा एक डोळा.
फुलचंद ओरडला, ए, बाजूला हो,
आणि बोल्टने सगळं बुजवलं.

आता सकाळी सहाला मी दांडा धरते.
वजन टाकते, सगळं, काही राखून न ठेवता.
पलीकडे झारा पळीवर वाजतो.
छोटासा, एकदाच.
वहिनी विचारतात, उठलीस का गं नंदा?
मी सांगते, उभी आहे.

त्यांच्या हिरव्या नारायणपेठीला फॉल लावला,
पैसे घेणार नाही म्हटलं
तर भांडायलाच आल्या.

मागच्या आठवड्यात त्या लेकीकडे गेल्या होत्या.
झारा वाजला. कुणी काही विचारलं नाही.
मी तरीही म्हटलं, भिंतीला, जरा मोठ्यानेच.

एक बोल्ट किंचित हलतोय.
फुलचंदने बजावलं होतं, सहा महिन्यांनी आवळून घ्या,
पण एकटीने नाही जमणार,
इकडे कुणीतरी घट्ट धरायचं
आणि तिकडून फिरवायचं.
वहिनी आल्या की पाना घेऊन जाते.