शुक्रवारचा रविवार

इथे रविवार शुक्रवारी येतो.
दोहाच्या कडेला बॅगा तपासून आत सोडतात,
बाहेरून क्रूस दिसत नाही,
आत एकेका भाषेची वेगळी मिस्सा.

मी टाइमकीपर. कोण किती वाजता आला, गेला,
एवढंच माझं काम.
जुलैत तुलबहादूर परांचीवरून उतरून
वाळूत बसला, तो बसूनच राहिला.
तोंडावर पाणी मारून उठवला त्याला.
कुरियनसाहेब म्हणाले, दोन तास काप.
कापले.
खोडायलासुद्धा लागत नाही आता,
एक बटण.

पापनिवेदनाला फादर फिलिपिनो.
इंग्रजीत माझं पाप अगदीच लहान झालं,
हॉटेलच्या बिलाएवढं.
तीन 'नमो मरिया' म्हण, ते म्हणाले.
मी उठलो.
"आणि ते दोन तास?"

मिस्साला कुरियनसाहेब पुढच्या बाकावर.
शांती देताना मागे वळून
त्यांनी मला हात जोडले. मीही जोडले.
परतताना बसमध्ये जपमाळ खिशातच फिरवली,
मोजणी दोनदा चुकली.

शनिवारी पहाटे साडेचारला पत्रक उघडलं.
आठाचे दहा केले.
शेऱ्याच्या रकान्यात काय लिहावं सुचेना,
लिहिलं: माझी चूक.

तुलबहादूरला काहीच ठाऊक नाही,
नेहमीसारखा कप पुढे करून साखर जास्त मागतो.
साहेबांचा फोन दोनदा वाजून गेलाय.
आणि नंदाखालहून आई विचारतेय,
मिस्सा झाली ना रे?
उपदेश कशावर होता?