अडुगु

तिकडून मेल आलाय. शुक्रवारच्या आत तक्ता भरायचा.
संकल्पना, पद्धत, सामग्री, विश्लेषण, निधी...
चौदा चौकटी. कोणी काय केलं, तिथे खूण.
तेवीस नावं आधीच छापलेली, चार देशांची.
अकरावी मी : व्ही. डोबल.
ढोबळेची डोबल झाले. चालायचं.
आडनावच सांगतं, फार काटेकोर राहू नका.

पण राहिले होते मी काटेकोर.
दत्तनगरच्या बोळात, पत्र्याखाली, एप्रिलात,
फरशी सपाट शोधून तिच्यावर काटा मांडला
आणि घरोघरची भाकरी तोलली.
(हप्त्याचे पैसे मिळाले त्या दिवशीची
बारा ग्रॅमनं जाड.)
पारा त्रेचाळीस. काल सकाळपासून काय काय खाल्लंत?
भाकरी, आमटी, भात.
पोटभर?
पोटभर.
रकाने असे गुटगुटीत भरत गेले
की वाटावं, सोलापूरचा उन्हाळा माणसाकडून
घामाशिवाय काहीच नेत नाही.

नागमणी चिट्याल. मांडीवर सूप, सुपात तेंदूची पानं,
कात्री चालू, मान खाली.
म्हणाली, ताटाचं काय विचारता ताई,
ताट सगळ्यांसमोर असतं.
अडुगु विचारा.
म्हणजे?
तिनं बोटाच्या पेरानं पातेल्याचा तळ वाजवला.
शेजारीण हसली : आमच्या तेलुगूत तळ म्हणजे अडुगु,
आणि 'विचार' म्हणायचं तरी अडुगुच.

दुसऱ्या दिवसापासून तेच विचारलं.
सगळ्यांची जेवणं झाल्यावर तळाला काय होतं?
कोणी खरवडलं?
उत्तर लगेच नाही आलं.
आधी कात्र्या थांबल्या.

तो आता आलेख क्रमांक चार.
पारा चढत जातो तशी एक रेघ उतरत जाते,
मे महिन्यात पार बुडाला लागते.
खाली एक वाक्य : या प्रश्नाचा शोध
क्षेत्रकार्यादरम्यान लागला.
लागला.
ठेच लागते, उचकी लागते, तसा.

मी 'संकल्पना'च्या चौकटीत नागमणी लिहिलं.
यंत्रानं विचारलं : ईमेल? संस्था? आद्याक्षरं?
आणि मग मलाच आठवलं,
ती सो-०४७ आहे.
संमतीपत्रावर तिचा अंगठा, त्याखाली माझी सही :
तुमचं नाव कुठेही येणार नाही.
वाचून दाखवलं होतं, दोनदा, सावकाश.

गेले विचारायला.
पानं भिजत घातली होती तिनं, हात ओले.
छापलेलं कोण वाचणार? म्हणाली.
जगभरचे लोक.
आणि त्यांना कळणार, चिट्यालांच्या घरात
बाई बुडाचं खाते?
वैशाखात पोरीला बघायला येणारेत ताई.
नको.
मी उठले. चप्पल पायात सरकवली,
तशी मागून म्हणाली :
पण दुसऱ्या कुणाचं लावू नका हं.
एकदा माझ्या हजार विड्या
भलतीच्या कार्डावर चढल्या होत्या.
निस्तरायला वर्ष गेलं.

वर्ष.
माझी तर पाच गेली या कामात,
आणि ढ सुद्धा परत मागितला नाही मी.

रात्री पंखा गरम हवा ढवळत होता.
पद्धतीच्या भागात प्रश्नाचं नाव घातलं : अडुगु.
अर्थ तळटीपेत, तळालाच.
'क्षेत्रकार्यादरम्यान लागला' खोडलं,
'एका विडी कामगार बाईनं शिकवला' केलं.
आणि संकल्पनेच्या चौकटीत
लिहिलं : सो-०४७.

चौकट लाल झाली. वैध नाव नाही.
पुन्हा लिहिलं. पुन्हा लाल.
पहाटे तिकडच्या सरांचा निरोप, त्यांची संध्याकाळ असणार :
हे सत्तेचाळीस कोण?

शुक्रवार उजाडलाय.
पूर्व भागात नळ आलेत, कळशांचा आवाज.
तक्ता अजून लालच आहे.
मी तो तसाच पाठवते.