धिरा

सेलूला, स्टेशनामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये
वाहेद मिस्त्रीनं खोकं आडवं पाडलं,
वर मूठभर ज्वारी पसरली
आणि मला म्हणाला, लाव.

मी चाळीसचा सूर लावला.
सूर कसला, घुमारा. चपलेच्या तळातून वर चढणारा.
दाणे उठले.
मधले तर असे उडाले
की शेडमागची कोंबडी आत आली.

अठरा एमएमची प्लाय, कोपरे स्क्रूनं आवळलेले,
सांध्यांना सरस पाजलेला,
तरी पोट हलत होतं त्याचं
धाप लागलेल्या म्हशीसारखं.
"बाहेर जायचा आवाज लाकूडच खायलंय," मिस्त्री म्हणाला.
त्याचा डावा कान आरा मशीननं कधीच नेला.
तो कोपर टेकवून ऐकतो.

गिऱ्हाईक, मानवतचा दिगंबर होगे, खुर्चीतूनच:
"आतली पट्टी दिसणार कुणाला?
तिचे पैसे कामून देऊ?"
मिस्त्रीनं उजवा कानही डावा केला.

भंगारातून त्यानं फळी ओढली,
शाळेच्या मोडक्या बाकाची, सागाची.
कर्कटकानं कोरलेलं: नववी ब.
खाली अर्धंच नाव, प्रती
पुढं घंटा झाली असावी.

मी मधोमध खूण केली.
"मधी नको.
दोन्ही अर्धे एकाच सुरात बोंबलतील.
चार बोटं सरकव. भांडू दे त्यांना."

तीन बाजूंना रंधा मारला.
चौथी, नावाची, तशीच ठेवली.
का, ते मी विचारलं नाही.

या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत
फळी ठोकून ठोकून बसवली,
हातोडीखाली चिंधी धरून.
रात्रभर शिकंजा. सकाळी मागचं झाकण बंद.
प्रती अंधारात गेली.
दिगंबरनं हिशेबातून दीडशे कापले.

पुन्हा ज्वारी. पुन्हा चाळीस.
दाणे बसून.
एखादा कूस बदलावी तसा हलला, तेवढंच.
कोंबडीनं जरा वाट पाहिली
आणि सावकाश टिपू लागली.

वरचे पत्रे मात्र आता थरथरत होते.
खिळ्यांचा डबा फळीवरून चालत चालत
कडेला आला, पडला.
रेल्वे क्वार्टरमधून कुणी बाई ओरडली.

मिस्त्रीचं कोपर खोक्यावर, डोळे मिटलेले.
"काही येत नाही," म्हणाला,
आणि हसला.