लाइन

"तुझी लाइन नक्की कोणती?" आप्पा विचारतात,
उजव्या हाताने भाकरी मोडत.
डावा हात मांडीवर, उताणा.

शब्दकोशाची, मी सांगते. इंग्रजी-मराठी.
एका नोंदीला चाळीस रुपये,
अर्थ एक असो की एकतीस.
"मग एकाच शब्दावर बसून राहू नकोस."

बसलेय मात्र. चार दिवस.
टिळक रोडच्या मागे, झेरॉक्सच्या दुकानावर,
पंख्याखाली उडणाऱ्या चिठ्ठ्यांवर
डबा ठेवून.

रेषा, लिहिलं. ओळ, लिहिलं. रांग.
पण रास्ता पेठेत दिवे गेले
तर "रांग गेली" असं कोण ओरडतं?
शेजारच्या भालसिंग मावशी शिवाजीनगरच्या पोलीस लाइनीत वाढल्या.
त्यांच्यासाठी लाइन म्हणजे
बाहेर सामायिक नळ, दाराशी लिंब
आणि नाइट ड्यूटीवरून आलेल्या बापासाठी
दुपारभर कुजबुजत खेळणारी पोरं.
हे कुठल्या क्रमांकाखाली घालू?
खाली चहाच्या गाडीवरचा सोन्या म्हणतो,
ताई, "लाइन मारणे" घेतलं का?
घेतलं. कंसात लिहिलं: अनौपचारिक.
मारलेली लागते की नाही, ते कोशात येत नाही.

संपादक सांगतात, शुक्रवार ही डेडलाइन.
आप्पांची डेड लाइन वेगळी:
जिला हात लावता येतो, ती.
निदान फोनवर तसं सांगतात.
पर्वती पायथ्याच्या खांबावर
तसंच सांगितलं होतं, बंद आहे, चढा खळदकर.
पलीकडच्या मंगल कार्यालयात
कुणाच्या तरी लेकीचं लग्न होतं
आणि जनरेटर उलटा वाहत होता.

दोन बोटं गेली.
तळव्यावर गुळगुळीत, गुलाबी कातडी आली.
ओंकारेश्वरापाशी बसणाऱ्या ज्योतिषाने
तो हात धरला, तिरपा केला, चष्मा पुसला,
आणि पैसे परत दिले.
आप्पा अजून सांगतात हसत,
"आपली लाइनच बंद. वाचणार काय तो?"

काल अप्पा बळवंत चौकात
पाठ सुटलेला एक जाडजूड कोश मिळाला,
वाळवीने कडा कुरतडलेला.
त्यात लिहिलंय, हजार वर्षांपूर्वी
त्या लोकांच्या तोंडी या शब्दाचा अर्थ होता दोर.
त्याच्याही मागे, लॅटिनात, एक झाड.
जवस.
जवसाचा देठ कुजवून, कुटून काढलेला धागा.
तो ताणला, भिंत सरळ आली.
तो पाण्यात सोडला, मासा आला.
मग धागा कुणीतरी काढून घेतला
आणि सरळपणा तेवढा मागे राहिला,
तारेत, कागदावर, माणसांच्या उभं राहण्यात.

म्हणजे आधी निळं फूल होतं.
माझा पेन्सिलीचा हात थांबला.

"आप्पा, ही चटणी कशाची?"
"जवसाची. बार्शीहून तुझ्या मामाने पाठवलीय."
"जवसाच्या देठांचं काय करायचे तिकडे?"
ते आठवतात. वेळ लावून आठवतात.
"तुझी आई सांगायची, बी तेलाला जायचं.
देठ चुलीत. भुर्रकन पेटतात."

एवढ्यात दिवे जातात.
वरच्या मजल्यावरून कुणीतरी, "लाइन गेली!"
खालून कुणीतरी, "आमची पण!"
मी मोबाइल शोधते, टॉर्च लावायला,
तक्रारीचा नंबर लावायला.

"राहू दे," आप्पा म्हणतात.
अंधारात त्यांचा डावा हात
माझ्या मनगटावर येतो, तीन बोटांचा, एकही रेघ नसलेला.

"कुणीतरी चढलं असेल वर.
उतरू दे आधी त्याला."