पावलाचं माप

पाण्याचा टँकर मंगळवारी येतो.
येतो म्हणजे, यायचा असतो.
तोवर दनाकिलचा वारा मिठागरावरून उठतो
आणि चहात, पापण्यांत, बंदुकीच्या नळीत
सारखाच खारट होऊन बसतो.

मी हब्तोम. गाव मेंदेफेराच्या वर, डोंगरात,
जिथे ऑगस्टात धुकं गोठ्यात शिरतं
आणि गाय दिसत नाही,
नुसता तिचा रवंथ ऐकू येतो.
इथे मी दगड वाहतो.
या बाजूचे त्या बाजूला. रस्ता होतोय म्हणतात.
अठरा महिन्यांसाठी बोलावलं होतं.
ते केव्हाच संपले. पुढचा आकडा कोणी विचारत नाही,
मयताच्या घरी जेवण कधी, असं विचारत नाहीत तसं.

इद्रिस केरेनचा. त्याच्याकडे रेडिओ आहे, सेल मेलेले.
दिवसभर तो ते पत्र्यावर उन्हात तापवतो,
रात्री दहा मिनिटं एक बाई गाते
आणि कडव्याच्या मधेच विझते.
उरलेलं आम्ही आपापल्या मनात म्हणतो.
सूर जुळत नाहीत, कारण घरं वेगळी.

सेनाइत तीन वर्षांची होती तेव्हा मी लिहिलं,
सँडल आणीन, माप पाठव.
लेतेब्रहाननं पोरीचा पाय वहीच्या पानावर ठेवला
आणि भोवती पेन्सिल फिरवली.
माझ्या तळहातापेक्षा लहान पाऊल.
बोटं चारच.
करंगळीपाशी रेघ सटकून गेलेली,
गुदगुल्या झाल्या असणार.

रजा मिळाली चौदा महिन्यांनी.
असाबच्या बाजारातून काळे प्लास्टिकचे सँडल घेतले,
माझा बाप लढाईत घालायचा तसलेच, फक्त इवलेसे.
टाच बाहेर राहिली.
ती रडली नाही. शेजारच्या बारक्याला देऊन आली
आणि मला म्हणाली, "तुम्ही पुन्हा कधी जाणार?"
लेतेब्रहान निखाऱ्यावर कॉफी भाजत होती,
तिची मान वर झाली नाही.
आमच्यात कॉफी तीनदा ओततात, तिसरा पेला बरकतीचा.
मला दुसऱ्यालाच उठावं लागलं, बस होती.

तेव्हापासून वर्षाला एक पाऊल येतं.
सँडल मी पुन्हा घेतले नाहीत,
ती माप मात्र पाठवत राहिली.
गादीखाली मी ते कागद ओळीनं लावलेत,
रात्री कूस बदलली की
पाठीखालून कोणीतरी चालत येतं,
पोचत नाही.

एकदा झडती झाली. कप्तानानं सगळे कागद उजेडात धरले.
"हा कसला नकाशा? सीमेचा?"
इद्रिस मागून म्हणाला, "पोरीचा पाय आहे, साहेब."
कप्तानानं एकेका कागदावरची बोटं मोजली.
पाच भरली की परत देई.
पहिल्या कागदावर चारच. तिथे बराच वेळ थांबला,
मग तोही दिला,
आणि जाताना विनाकारण माझं बटण नीट केलं.

या मंगळवारी टँकर खरंच आला, टपालही.
या वेळचं पाऊल पानात मावलेलं नाही.
टाच एका कागदावर, बोटं दुसऱ्यावर,
मधे दोन पानांची फट.
खाली लेतेब्रहानचं बारीक अक्षर:
पोरगी बारावीत गेली.
बारावी सावाच्या छावणीत करायची, तुला माहीतच आहे.
सँडल घेऊ नकोस.
तिकडे देतात म्हणे, सगळ्यांना.

मी वाचलं. मग पाणी भरून घेतलं,
आमच्या तुकडीची सात पिंपं.
इद्रिसनं सेल उन्हातून आणले, रेडिओत घातले,
लावला नाही.

अंधार पडायच्या आत मी त्याच्याकडे पेन्सिल मागितली.
पत्राच्या कोऱ्या पाठीवर पाय ठेवला,
धूळ झटकून,
भेगांसकट,
वाकलो आणि कडेकडेनं रेघ ओढत गेलो.
करंगळीपाशी हात जरा थांबला.
गुदगुल्या होत नव्हत्या.